गुलाबी गोळी, पांढरी गोळी

(दृश्य : कोल्हापूर. एका रुग्णालयातली औषधांची खिडकी. रांग.)

ओपीडी उरकत आली की खिडकीवर झुंबड उडते. कुणाला राधानगरीची एसटी गाठायची असते, कुणाला चंदगडची. त्या घाईत एक आजी अडून बसल्यात.

"लेकरा, माझी गोळी गुलाबी हुती. ही पांढरी कशी रं?"

प्रश्न बरोबर आहे. केसपेपरवर कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम लिहिलंय. कपाटात ते नाही, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आहे. नुसती कंपनी बदलली असती तर गोष्ट वेगळी. इथं औषधच दुसरं, काम तेवढं सारखं. आणि दहाला दहा असा हिशेब चालत नाही. रोसुव्हाच्या दहाची जागा भरायला अ‍ॅटोर्व्हा साधारण वीस लागते.

(दृश्य : फार्मासिस्ट फोन लावतो.)

हा फोन टाळता येत नाही. १९४५च्या औषध नियमांतला ६५वा नियम सांगतो, चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच औषधाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधाच्या, जागी परस्पर दुसरं द्यायचं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच रुग्णालयांत डॉक्टर-फार्मासिस्टांची समिती कशाच्या जागी काय चालेल हे आधीच ठरवून ठेवते. इथं ओपीडीतून डॉक्टर फोन उचलेपर्यंत रांग चुळबुळते.

(दृश्य : पुढचा रुग्ण. हातात चिठ्ठी.)

यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट आहे, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी; रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू. सोबत पित्तासाठी पँटोप्राझोल, आणि नेमकं तेच संपलंय. शेजारच्या खोक्यात ओमेप्राझोल आहे. पित्ताची गोळी ती पित्ताची गोळी, असं आपण म्हणू. पण क्लोपिडोग्रेल पोटात जाताच काम करत नाही, यकृतातलं एक एन्झाइम त्याला जागं करतं. ओमेप्राझोल त्याच एन्झाइमला अडवतं. ही जोडी टाळा, असं अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २००९ मध्येच बजावलंय. खोकं जागच्या जागी राहतं, आणि फोन पुन्हा लागतो.

(दृश्य : पुन्हा आजी. पांढऱ्या गोळीला डॉक्टरांचा होकार आलाय. पिशवीतून अर्धी पट्टी निघते, गुलाबी.)

"ह्या हायत अजून. ह्या बी खायच्या न्हवं?"

मला विचाराल तर खरा धोका या पिशवीत आहे. घरातली जुनी आणि इथली नवी, दोन्ही रोज पोटात.

"न्हाई आज्जी. दोन्ही एकदम न्हाई खायच्या."

मार्करनं पांढऱ्या पट्टीवर अक्षरं उमटतात : रात्री १. गुलाबी बंद.

"आन् पुढच्या बारीला गुलाबीच आली तर?"

"तर ही पट्टी घिऊन या हितं. मला दाखवल्याबिगर खाऊ नका."