हौस महागली, पण नक्की काय महागलं?

नमस्कार मंडळी. आज जुन्या व्हिडिओ गेम्सबद्दल बोलायचंय, म्हणजे ते जमवण्याबद्दल, आणि हा छंद दिवसेंदिवस जो महाग होत चाललाय त्याबद्दल. ऐकणाऱ्यांत काही जणांना हा नाद असेलच, आणि ज्यांना नाही त्यांनीही ऐका, कारण एखादा नवीन माणूस आज हौसेने या छंदाकडे वळतो आणि भाव बघून उंबऱ्यावरूनच परत फिरतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या कॅसेट, म्हणजे कार्ट्रिज, लोकांनी एकेकाळी खोकीच्या खोकी भरून कवडीमोल भावात काढून टाकल्या त्याच आज काचेच्या कपाटात कुलूपबंद आहेत.

आधी मोठे आकडे सांगून टाकतो, कारण सगळी चर्चा तिथूनच सुरू होते. एप्रिल २०२१ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्सची एक सीलबंद कॉपी लिलावात ६ लाख ६० हजार डॉलरला गेली. जुलैमध्ये लेजंड ऑफ झेल्डा ८ लाख ७० हजारला, आणि दोनच दिवसांनी सुपर मारिओ ६४ चक्क १५ लाख ६० हजार डॉलरला. ऑगस्टमध्ये मारिओचीच आणखी एक कॉपी २० लाखांना विकली गेली, आणि ही कॉपी आदल्या वर्षी १ लाख ४० हजारला घेतलेली होती. चौदापट झाले की हो!

आता इथे जरा थांबा आणि विचार करा. सुपर मारिओ ६४ हा १९९६ चा गेम, जगभरात १ कोटी १० लाखांहून जास्त कॉपी खपल्या. तो दुर्मिळ नाहीये, कुठल्याच अर्थाने नाहीये, नुसती कॅसेट हवी असेल तर ती आजही सहज मिळते. मग १५ लाख डॉलर कशाचे? तर वरचं प्लास्टिक फाटलेलं नाही, खोक्याचा कोपरा दबलेला नाही, आणि ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीने त्याला १० पैकी ९.८ मार्क दिलेत, सीललाही वरचा शेरा दिलाय, याचे. मुळात खेळायला बनवलेली वस्तू, आणि तिची सगळी किंमत ती कुणी कधी खेळलं नाही यात. त्यातून ती उघडली की ग्रेड गेली आणि पैसेही गेले, म्हणजे जो घेणार तो कधीच खेळणार नाही, त्याच्याकडून घेणाराही नाही.

गेम्सचं ग्रेडिंग याआधीही होत होतं, पण २०१८ मध्ये वाटा गेम्स नावाची कंपनी आली आणि त्यानंतर कॉमिक्स आणि नाणी घेणारी मंडळी, ज्यांना गेम्समध्ये रस असेलच असं नाही, ती इकडे वळली. त्यांना मार्क दिलेली, पारदर्शक डबीत बंद केलेली वस्तू हवी असते, कारण ती न बघताही घेता विकता येते. २०२२ मध्ये या कंपनीविरुद्ध अमेरिकेत कोर्टात दावाही दाखल झाला, बाजार फुगवल्याचा आरोप करणारा. त्याच्या खोलात मी आज जात नाही.

तुम्ही म्हणाल, श्रीमंतांनी काय वाटेल ते घ्यावं, आपल्याला काय त्याचं. तर सांगतो. हे आकडे बातम्यांमध्ये आले, आणि घरात एखादी धूळ खात पडलेली कॅसेट असलेल्या प्रत्येकाला वाटायला लागलं की आपल्याकडे घबाड आहे, मग फाटक्या लेबलची, खोकं नसलेली, मागे कुणाचं तरी नाव मार्करने लिहिलेली कॅसेटसुद्धा लोक अव्वाच्या सव्वा भावाने ऑनलाइन टाकायला लागले. त्यात २०२० चा लॉकडाउन, माणसं घरात अडकलेली, लहानपणीची आठवण आली की फोनवर शोधायचं आणि ऑर्डर करायची. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वय. जी पिढी आठव्या-दहाव्या वर्षी सुपर निन्टेंडो नाहीतर पहिला प्लेस्टेशन खेळली ती आता कमावती आहे, तेव्हा आई-बाबांनी जे घेऊन दिलं नाही ते आता स्वतः घेता येतंय. म्हणून भावाची लाट वयाप्रमाणे पुढे सरकत जाते. आधी अटारी, मग निन्टेंडो, मग प्लेस्टेशन, आणि आता प्लेस्टेशन २ वरचे काही भयकथांचे गेम, जे निघाले तेव्हा कुणी ढुंकून बघितले नव्हते, ते शेकडो डॉलरला गेलेत.

पण जुनं म्हणजे महाग असं अजिबात समजू नका, इथेच नवीन लोकांची फसगत होते. अटारीचा ई.टी. घ्या, १९८२ चा गेम, इतक्या कॉपी काढल्या आणि त्या इतक्या पडून राहिल्या की न्यू मेक्सिकोमध्ये आलामोगोर्डोच्या कचऱ्याच्या डेपोत कंपनीने माल पुरून टाकला, आणि एप्रिल २०१४ मध्ये तो खणून काढला तेव्हा साधारण १,३०० कॅसेट बाहेर काढल्या. खड्ड्यातून निघालेल्या कॅसेटना त्या गोष्टीमुळे चांगली किंमत आली, पण साधी ई.टी. आजही अगदी स्वस्त मिळते, चाळीस वर्षं झाली तरी.

महाग काय होतं, तर ज्या मशीनचा जीव संपत आलाय तिच्यावर शेवटी शेवटी आलेला गेम. लिटल सॅमसन १९९२ चा, एनईएसवर, म्हणजे सुपर निन्टेंडोच्या आधीच्या निन्टेंडो मशीनवर आला, पण तोवर सुपर निन्टेंडो बाजारात आलेला, सगळ्यांचं लक्ष तिकडे, मग जुन्या मशीनसाठी नवीन गेम कोण घेणार. पँझर ड्रॅगून सागा १९९८ चा, चार डिस्कचा, अप्रतिम गेम, पण सेगाचा सॅटर्न तेव्हा अमेरिका-युरोपात जवळपास संपलेला, म्हणून तिकडे अगदी थोड्या कॉपी आल्या. त्या आज कुणी विकायला काढल्या तर किंमत ऐकूनच घशाला कोरड पडते. अर्थबाउंड १९९५ मध्ये अमेरिकेत मोठ्या खोक्यात आला, सोबत गाइडबुक होतं, तेव्हा फारसा खपला नाही आणि आता लोक ते खोकं शोधत फिरतात.

खोक्याचं म्हणाल तर तो या छंदातला सगळ्यात मोठा खड्डा आहे, माझं स्पष्ट मत. कलेक्टर लोक तीन प्रकार मानतात. लूज, म्हणजे नुसती कॅसेट. सीआयबी, म्हणजे खोकं, मॅन्युअल, आतले कागद सगळं पूर्ण. आणि तिसरा सीलबंद. आता एनईएस, सुपर निन्टेंडो, निन्टेंडो ६४ यांची खोकी साध्या पुठ्ठ्याची, पोरांनी ती पहिल्याच दिवशी फाडली आणि टाकली, जे अगदी बरोबर केलं, खेळणं महत्त्वाचं. सेगा जेनेसिसचे बरेच गेम मात्र प्लास्टिकच्या डब्यात यायचे, ते डबे लोकांनी गेम ठेवायलाच वापरले, म्हणून टिकले. त्यामुळे निन्टेंडोच्या पुष्कळ गेम्सचं रिकामं खोकं आतल्या कॅसेटपेक्षा महाग असतं. रिकामं! पुठ्ठा! आणि मॅन्युअल वेगळं विकतात, आतला पोस्टर वेगळा, कॅसेट बसवायचा पुठ्ठ्याचा ट्रेसुद्धा वेगळा विकतात. तुम्हाला ते खोकं बघून खरंच आनंद होत असेल तर जरूर घ्या, पण आपण गेमसाठी पैसे देतोय की पुठ्ठ्यासाठी हे घेताना डोक्यात स्पष्ट असू द्या.

बरं नुसता गेम घेऊन भागत नाही, बाकीचा खर्च लोक धरतच नाहीत. जुन्या बऱ्याच कॅसेटमध्ये सेव्ह, म्हणजे आपण गेममध्ये कुठवर आलो त्याची नोंद, राहावा म्हणून एक बटणासारखी छोटी बॅटरी सोल्डर केलेली असते, ती वीस-पंचवीस वर्षांनी मरते आणि सेव्ह जातो. बॅटरी स्वस्त आहे, बदलता येते, फक्त आधी सेव्हचा बॅकअप घ्या, नाहीतर जुनी काढताच सगळं पुसलं जाईल. मशीनमधले कपॅसिटर, म्हणजे बोर्डवरचे वीज साठवणारे छोटे भाग, गळतात, सेगा गेम गियर तर यासाठी प्रसिद्धच आहे, आवाज बारीक होतो, स्क्रीन फिकी पडते, आणि गळलेलं द्रव बोर्ड खात जातं. पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळाचा एक कपॅसिटर आहे तोही असाच गळतो, तो काढून टाकावा लागतो. मशीन "चालू स्थितीत" असं लिहून विकतात, पण आत उघडून बघितलंय का हे विचारा.

आणि टीव्ही. जाड काचेचे जुने सीआरटी लोकांनी रस्त्यावर ठेवून दिले, कुणी उचलेना. आता तेच शोधतात, कारण जुने गेम त्या टीव्हीसाठीच बनलेले, चित्र त्यावर जसं दिसायचं तसं आताच्या सपाट टीव्हीवर दिसत नाही, आणि डक हंटसारख्या बंदुकीच्या गेमची बंदूक सीआरटीशिवाय चालतच नाही. टीव्ही स्टुडिओत वापरायचे सोनीचे पीव्हीएम मॉनिटर तर आता छंदवाल्यांच्या हातात सोन्याच्या भावाने जातायत, आणि हे टीव्ही आता कुणी बनवत नाही, म्हणजे जेवढे आहेत तेवढेच.

भाव वाढला की नकली माल आलाच. गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेट इतक्या नकली आहेत की डोळे झाकून घेऊच नका. एक खूण सांगतो, अस्सल कॅसेटच्या खालच्या तोंडातून बघितलं तर सोनेरी पिनांच्या अगदी वर बोर्डवर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसतं. लेबलवरही बारीक दाबून उमटवलेला आकडा असतो. विकणाऱ्याला आतल्या बोर्डचा फोटो मागा, जो द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका, कितीही गोड बोलला तरी. सीलबंद मालात तर प्लास्टिक नव्याने गुंडाळून विकणारेही आहेत.

मग ज्याला फक्त खेळायचंय त्याने काय करायचं? त्याच्यासाठी रस्ते आहेत. ज्या गेममध्ये वाचायला फार नाही, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या, त्यांची जपानी कॉपी घ्या, बऱ्याचदा अमेरिकन कॉपीपेक्षा खूप स्वस्त पडते, फक्त आपल्या मशीनवर चालेल ना ते बघा. फ्लॅश कार्ट नावाची कॅसेट मिळते, तिच्यात मेमरी कार्ड घालून खऱ्या मशीनवर गेम चालवता येतात. एफपीजीए म्हणून एक चिप असते, ती जुन्या मशीनचं हार्डवेअरच आतून तसंच उभं करते, मिस्टर नावाचा प्रकल्प यावरच चालतो. आणि अधिकृत सर्व्हिस आहेतच, अर्थबाउंड आता निन्टेंडो स्विचच्या सबस्क्रिप्शनवर खेळता येतो. तरी त्याच्या खोक्याचा भाव उंचच राहिला हे बघा, म्हणजे खेळणारा आणि खोकं जमवणारा ही दोन वेगळी माणसं आहेत आणि दोघांचा बाजार वेगळा आहे. तुम्ही यातले कोण हे एकदा स्वतःशी ठरवलं की निम्मा खर्च तिथेच वाचतो.

पण ज्यावर मला खरं बोलायचंय ते हे की सगळ्या गेम्सना असा अधिकृत रस्ता नाहीये. जुने गेम जतन करणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने जुलै २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निघालं की अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. शंभरातले सत्याऐंशी. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या मशीनची ऑनलाइन दुकानं बंद केली, आणि जे गेम फक्त तिथेच मिळत होते ते नवीन माणसाला विकत घेताच येत नाहीत. पँझर ड्रॅगून सागा इतक्या वर्षांत परत कधीच निघालेला नाही, तो खेळायचा तर एकतर भरमसाट पैसे मोजा नाहीतर कुठून तरी नकल उतरवा, सरळ मार्गाने साध्या माणसाला तो मिळतच नाही. कंपनीला त्या जुन्या कॉपीच्या विक्रीतून एक पैसा मिळत नाही, बनवणाऱ्यांना मिळत नाही, सगळे जातात मधल्या विकणाऱ्याकडे. मग परत काढा ना तो गेम, लोक पैसे द्यायला तयार उभे आहेत!

लायब्ररीवाल्यांनी यावर एक साधी मागणी केली होती, की जे गेम विकत मिळत नाहीत ते आमच्या संग्रहातून संशोधकांना घरबसल्या, लांबून वापरता यावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने ती नाकारली. गेम कंपन्यांच्या बाजूने भीती होती की लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील. मला हे कारण अजिबात पटत नाही, पुस्तक लोक मजेसाठी वाचतात म्हणून कुणी लायब्ररी बंद करत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या अशा सवलतींचा आढावा दर तीन वर्षांनी होतो, म्हणजे पुढची फेरी २०२७ ची, आणि तोवर ज्याला असा गेम अभ्यासायचाय त्याला तिकीट काढून, ज्या इमारतीत तो ठेवलाय त्या इमारतीत स्वतः जाऊन बसावं लागणार आहे.