साच्याचे पोलाद आणि भट्टीतले तास

पडद्यावर दिसणारी ही जाड, गोल चकती म्हणजे खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्या काढणारी डाय, म्हणजे साचा. साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसला तापवलेले ॲल्युमिनियम प्रेसच्या दाबाने तिच्या फटीतून बाहेर पडते आणि फटीची जेमतेम काही मिलिमीटर रुंद कड, जिला कारखान्यात बेअरिंग म्हणतात, सतत घासली जाते. डाय बहुधा एच-13 या, उष्णतेत काम करणाऱ्या हत्यारांसाठीच्या पोलादाची असते. त्यात सुमारे 5 टक्के क्रोमियम, शिवाय मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असते.

नुसत्या हार्डनिंग-टेंपरिंगवर (तापवून झपाट्याने थंड करणे आणि मग पुन्हा बेताने तापवणे) ही कड फार टिकत नाही, म्हणून डाय नायट्रायडिंगच्या भट्टीत जाते. तेथे 500 ते 550 अंशांच्या दरम्यान अमोनिया पोलादाच्या पृष्ठभागावर विघटित होतो, सुटलेला नायट्रोजन आत मुरतो, क्रोमियम व व्हॅनेडियमशी त्याची अतिसूक्ष्म नायट्राइडे, म्हणजे नायट्रोजनची कठीण संयुगे, बनतात आणि पृष्ठभागाची कठीणता 1000 विकर्सच्या (कठीणता मोजण्याचे एक माप) पुढे जाते.

प्रश्न तासांचा आहे. कठीण थराची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 10 तासांत 0.1 मिलिमीटर खोली मिळाली असे धरले, तर 0.2 मिलिमीटरसाठी 20 नव्हे, 40 तास लागतात. विजेचे बिल मात्र वर्गमूळ काढत बसत नाही.

नमुना कापून, पॉलिश करून त्यावर नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचे मिश्रण) लावले की सूक्ष्मदर्शकाखाली नायट्रोजन मुरलेला काळपट पट्टा दिसतो आणि त्याच्या अगदी बाहेर पांढऱ्या दोऱ्यासारखी एक रेघ. ही रेघ म्हणजे लोखंडाच्या नायट्राइडांचा थर. तो कठीण खरा, पण ठिसूळ असतो. भट्टीतला वेळ लांबला की तो जाड होऊ लागतो आणि धारदार कोपऱ्यावर तर नायट्रोजन दोन्ही बाजूंनी शिरत असल्यामुळे टवका तिथूनच उडतो. पृष्ठभागाची कठीणताही तासांबरोबर वाढत राहत नाही. नायट्राइडांचे कण जाडसर झाले की ती किंचित उतरूही शकते. म्हणून ‘आणखी थोडा वेळ राहू द्या’ ही सूचना आम्हाला धोक्याची वाटते.

वापरून झालेली डाय गरम कॉस्टिक सोड्यात बुडवतात, चिकटलेले ॲल्युमिनियम विरघळते, बेअरिंग पुन्हा घासून गुळगुळीत होते आणि डाय परत भट्टीकडे निघते. आधी मुरलेला नायट्रोजन मात्र तिच्यातच असतो, त्यामुळे या खेपेचे तास ठरवण्याआधी मागच्या खेपांची नोंदवही उघडावी लागते.