काही करू नका, नुसतं पडून राहा

[दृश्य: एमआरआयची खोली. टेबल हळूहळू आत सरकतंय.]

स्कॅनरमध्ये उताण्या पडलेल्या माणसाला सूचना असते ती एवढीच: हलू नका, झोपू नका, समोरच्या फुलीकडे बघत राहा. मनात काय आणायचं, ते कोणी सांगत नाही. यंत्र ठकठक करत राहतं. दर एक-दोन सेकंदांनी अख्ख्या मेंदूचं एक चित्र निघतं. अर्ध्या तासाने तो माणूस बाहेर येतो, आणि आत त्याने काहीही केलेलं नसतं.

मेंदूच्या जाळ्यांविषयी, म्हणजे एकाच चालीवर वरखाली होणाऱ्या भागांच्या गटांविषयी, आज जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं याच रिकाम्या अर्ध्या तासातून आलेलं आहे.

आधी हे यंत्र नेमकं काय बघतं, ते पाहू. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सेजी ओगावा यांनी दाखवून दिलं की प्राणवायू असलेलं रक्त आणि प्राणवायू देऊन मोकळं झालेलं रक्त यांच्यातला चुंबकीय फरक एमआरआयच्या चित्रात पकडता येतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजं रक्त गरजेपेक्षाही जास्त धावतं, आणि तो फरक चित्रात उतरतो. हाच एफएमआरआय. म्हणजे न्यूरॉन, मेंदूच्या चेतापेशी, त्याला दिसतच नाहीत, दिसतं ते रक्त. आणि रक्त सावकाश चालणारं. न्यूरॉनचं काम सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं, तर रक्ताची लाट वर चढायला पाचेक सेकंद लागतात.

सुरुवातीचे प्रयोग साधे असत. बोटं हलवा. थांबा. पुन्हा हलवा. हलवतानाच्या चित्रातून थांबल्यावेळचं चित्र वजा करायचं. जे उरेल तो बोटं हलवणारा भाग. थांबल्यावेळीही सिग्नल वरखाली होत असे, पण तो यंत्राचा आणि शरीराचा गोंगाट म्हणून बाजूला काढला जाई.

[दृश्य: पडद्यावर दोन आलेख, डाव्या आणि उजव्या बाजूचा. एकावर एक सरकवले जातात.]

विस्कॉन्सिनच्या मेडिकल कॉलेजात भरत बिस्वाल नावाचे संशोधक विद्यार्थी या गोंगाटाच्याच मागे होते. तो कमी कसा करायचा, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी आधी लोकांना बोटं हलवायला लावून डाव्या आणि उजव्या मेंदूतला हाताचा भाग शोधून ठेवला. मग त्यांना नुसतं पडून राहायला सांगितलं, आणि त्या दोन भागांतला ‘गोंगाट’ शेजारी शेजारी मांडून पाहिला. दोन्ही एकाच चालीवर हेलकावत होते. चाल फार संथ, एकेक लाट दहा सेकंदांची किंवा त्याहून लांब. हात निवांत पडलेले, तरी दोन्ही हातांचे भाग जोडीने वरखाली.

१९९५ मध्ये हा निबंध आला. पुष्कळांना तो पटला नाही. हृदयाचे ठोके असतील, श्वास असेल, रक्तवाहिन्यांचं आकुंचन-प्रसरण असेल. शंका रास्त होती, आणि तिचा काही भाग आजही रास्त आहे.

त्याच सुमारास सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दुसरंच कोडं पडलं होतं. काम कुठलंही द्या, वाचन असो की चित्रं ओळखणं, मेंदूचे काही ठरावीक भाग कामाला लागायच्या ऐवजी मंदावत. काम थांबलं की ते पुन्हा वर येत. २००१ मध्ये मार्कस राइखली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला नाव दिलं, आणि ‘डिफॉल्ट मोड’ हे शब्द त्यानंतर प्रयोगशाळेबाहेरही पसरले. हिशेब असा: मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, ऊर्जेचा खर्च सुमारे २० टक्के, आणि एखादं अवघड काम हातात घेतल्याने हा खर्च वाढतो तो जेमतेम. खरा खर्च पडून राहण्यातच चाललेला असतो. (या भागांचं ‘डिफॉल्ट’ जाळं ‘बंद’ करून मन शांत करून देणाऱ्या व्हिडिओंपासून मात्र दोन हात लांब राहिलेलं बरं.)

[दृश्य: रंगवलेला मेंदू, सावकाश फिरतोय.]

पुढे हजारेक माणसांचे असे निवांत स्कॅन एकत्र करून, कोण कोणाबरोबर हेलकावतं ते पाहून, मेंदूच्या पृष्ठभागाचे भाग पाडले गेले. २०११ च्या एका गाजलेल्या कामात सात मोठी जाळी निघाली: पाहण्याचं, हालचालीचं, लक्ष देण्याचं, अशी. तीच माहिती जास्त बारीक पाखडली तर सतरा. सात की सतरा, हे मेंदूत कुठे लिहिलेलं नाही. आपण किती बारीक चाळणी घेतो त्यावर ते ठरतं.

इथे ‘जोडलेले’ या शब्दाचा अर्थ नीट धरून ठेवायला हवा. गावातल्या दोन घरांतली वीज नेमकी एकाच वेळी जाते आणि येते. म्हणून त्या दोन घरांमध्ये तार ओढलेली असते असं नाही. दोन्ही घरं एका डीपीवर असतात. एफएमआरआयमधलं जाळं हे असं आहे. वीज कुठे एकदम गेली याची नोंद करायची आणि कोण कोणाबरोबर आहे ते ताडायचं.

याचा पुरावाही आहे. काही माणसं जन्मतःच कॉर्पस कॅलोसमशिवाय येतात, म्हणजे मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांना जोडणारा तंतूंचा तो जाड पट्टाच त्यांच्यात नसतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेत अशा माणसांचे निवांत स्कॅन तपासले गेले. डावा-उजवा मेळ जवळपास जसाच्या तसा सापडला. मुख्य पूल नाही, तरी चाल एक.

आणि २०१२ साली मोठा धक्का बसला. त्याआधी लहान मुलांच्या मेंदूंविषयी एक सुंदर कथा तयार झाली होती: लहानपणी जवळजवळचे भाग घट्ट जोडलेले असतात, वय वाढलं की लांबचे दुवे बळकट होतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्या गटाने ही कथा मांडली होती, त्याच गटाने पुन्हा हिशेब केला. डोकं मिलिमीटरच्या अंशाने जरी हललं तरी नेमका हाच परिणाम दिसतो, जवळचे दुवे फुगतात आणि लांबचे खचतात. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त चुळबुळ करतात. कथेचा चांगलाच मोठा भाग या चुळबुळीतून आला होता. आपलंच काम असं उघड्यावर तपासायला धैर्य लागतं, आणि या क्षेत्राचं भलं कोणी केलं असं विचारलं तर मी त्या निबंधाकडे बोट दाखवेन.

[दृश्य: रात्र. रुग्णालयाची लांब, रिकामी मार्गिका.]

सरासरीची अडचण तरीही उरतेच. हजार चेहऱ्यांची सरासरी काढली तर चेहरा निघेल, पण तो कोणाचाच नसेल. मग एकाच माणसाचा स्कॅन तासन्‌तास का करू नये? कारण स्कॅनरचं भाडं. सेंट लुईसमध्ये मध्यरात्रीनंतर ते खूप उतरायचं. म्हणून निको डोझेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यरात्री जमायला सुरुवात केली. नाव पडलं मिडनाइट स्कॅन क्लब. दहा माणसं, त्यांत डोझेनबाख स्वतःही. प्रत्येकाच्या दहा रात्री, दर रात्री अर्धा तास निवांत पडून राहायचं. म्हणजे माणशी पाच तास. २०१७ मध्ये ही माहिती सर्वांसाठी खुली झाली. प्रत्येक मेंदूतली जाळी ओळखू येण्याइतकी सारखी, पण बारकाव्यात ज्याची त्याची वेगळी, आणि सरासरीत पुसून गेलेले तुकडे इथे स्वच्छ दिसले.

मग त्यांनी एक वाकडा प्रयोग केला. तिघांनी आपल्या धडधाकट, रोज वापरातल्या हाताला दोन आठवडे प्लास्टर घातलं. डोझेनबाख यांतही होतेच. रोज स्कॅन. पहिल्या दोनच दिवसांत त्या हाताचा मेंदूतला भाग आपल्या जोडीदारापासून सुटू लागला. बिस्वाल यांना सापडलेली तीच डावी-उजवी जोडी. सुटलेला भाग गप्पही बसला नाही; पडून असताना त्यात मधूनच जोरदार स्पंदनं उठू लागली, जी प्लास्टरआधी नव्हती. प्लास्टर निघाल्यावर जोडी पुन्हा लवकरच जुळली.

[दृश्य: वेडावाकडा मानवी आकार, प्रचंड ओठ आणि हात. जुनं रेखाटन.]

मेंदूच्या पृष्ठभागावरच्या ज्या पट्टीतून हातपाय हलतात, तिचा नकाशा तसा जुना. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड अपस्माराच्या जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला हलका विद्युत्प्रवाह लावून बघत: इथे पाय हलतो, इथे हात, इथे ओठ. १९३७ मध्ये त्यांनी ते मांडलं. पाय वर, मधे हात, खाली तोंड, सलग. हा नकाशा माणसाच्या आकारात काढला की होतो तो वेडावाकडा बुटका, आणि वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत तो आजही आहे.

मध्यरात्रीच्या क्लबची माहिती चाळताना याच पट्टीत काही बसेना. पाय, हात आणि तोंड यांच्या जागांना अडवून मधे तीन तुकडे होते. ते आपल्या शेजाऱ्यांशी फारसे जोडलेले नव्हते. एकमेकांशी घट्ट, आणि बेत आखणं, सावध राहणं, वेदना यांत गुंतलेल्या जाळ्याशीही घट्ट. माणसांना वेगवेगळ्या हालचाली करायला लावल्या तेव्हा हे तुकडे एका अवयवाला बांधलेले दिसले नाहीत. काय हलवायचं याचा नुसता बेत करतानाही ते जागे होत. २०२३ मध्ये हे छापून आलं. तोवर हजारो माणसांच्या मोठ्या संग्रहांत शोधून पाहिलं होतं, तिथेही ते सापडले. नवजात बाळात ते दिसले नाहीत, अकरा महिन्यांच्या बाळात त्यांच्या खुणा होत्या, आणि नऊ वर्षांच्या मुलात ते जवळजवळ मोठ्या माणसासारखेच होते.