उष्ण मनोरे

श्रोतेहो, नमस्कार.

तळ सपाट, माथा फुगीर, असे पांढरे ढग भर दुपारी आकाशात जमतात आणि बघता बघता विरूनही जातात. हवामानशास्त्रात यांना राशीमेघ म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांच्या लेखी त्यांना फारशी किंमत नव्हती. खरी उलाढाल मोठ्या वाऱ्यांची, ढग म्हणजे त्यामागून येणारी शोभा, अशीच एकूण समजूत. ती मोडून काढली जोआन सिम्पसन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी.

शिकागो विद्यापीठात त्यांनी संशोधनासाठी ढग हा विषय घेतला. तेव्हा कार्ल-गुस्ताफ रॉस्बी हे नामवंत प्राध्यापक म्हणाले होते, की मुलीला हा विषय बरा, कारण त्यात कुणाला रस नाही. सिम्पसन यांनीच पुढे ही आठवण सांगितली. शेरा खोचक खरा, पण विषयाकडे कुणी फिरकत नव्हतं हेच त्यांच्या पथ्यावर पडलं. 1949 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हवामानशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न बघा. उन्हाने समुद्राच्या पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2500 ज्यूल उष्णता तिच्यात दडून बसते. वर जाऊन त्या वाफेचं पुन्हा पाणी झालं, की ती उष्णता हवेत मोकळी होते. विषुववृत्तालगतची ही उष्णता 12 ते 15 किलोमीटर उंची गाठते आणि तिथून ध्रुवांच्या दिशेने निघते. पण मुळात ती तेवढ्या उंचीवर चढते कशी? सगळीकडची हवा सावकाश वर सरकत असेल, हे पुस्तकी उत्तर. सिम्पसन आणि त्यांचे मार्गदर्शक हर्बर्ट रील यांनी हिशेब मांडला, तर तो काही केल्या जुळेना. कारण मधल्या थरातली हवा कोरडी, आणि तिच्यातली एकूण ऊर्जा खालच्या हवेपेक्षाही कमी, वरच्या हवेपेक्षाही कमी. रमतगमत वर जाणाऱ्या हवेची शिदोरी इथेच संपून जायची.

1958 साली दोघांनी उत्तर दिलं. उष्णता सगळीकडून चढत नाही, ती मोजक्याच उत्तुंग गर्जनमेघांतून चढते. अशा ढगाच्या कडा कोरड्या हवेत मिसळून झिजतात, पण गाभा इतका रुंद असतो की तो थेट माथ्यापर्यंत शाबूत राहतो. या मेघांना त्यांनी नाव दिलं ‘उष्ण मनोरे’. विषुववृत्ताच्या त्या अख्ख्या पट्ट्यात एका वेळी असे 1500 ते 5000 मनोरे असले तरी भागतं, असा त्यांचा हिशेब होता. इतक्या विशाल पट्ट्याचा भार इतक्या थोड्या ढगांवर! मला तरी हा सगळ्या हवामानशास्त्रातला एक विलक्षण हिशेब वाटतो.

हे नुसतं कागदावर झालं नाही. विमान ढगांत घालून त्यांनी आतलं तापमान आणि ओलावा मोजला, वाढत्या ढगांचं चित्रण केलं. पुढे नासामध्ये असताना उष्ण कटिबंधातला पाऊस मोजणाऱ्या टीआरएमएम या उपग्रहाच्या वैज्ञानिक कामाची धुरा त्यांनी सांभाळली. नोव्हेंबर 1997 मध्ये तो अवकाशात गेला. पावसाचं रडार घेऊन गेलेला हा पहिलाच उपग्रह. चक्रीवादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या, ढगांच्या भिंतीत उंच मनोरा उभा राहिला, तर पुढच्या काही तासांत वादळाचा जोर वाढण्याची शक्यता जास्त असते, हे त्याच्या नोंदींवरून दिसलं.

आणि तापत्या पृथ्वीचं काय? ढग ऊन परतवतात, तशी जमिनीची उष्णता अडवूनही धरतात. वजाबाकी केली, तर आज ते पृथ्वीला दर चौरस मीटरमागे सुमारे 20 वॉट इतकं थंड ठेवतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर उष्णतेत थेट भर पडते ती जेमतेम 4 वॉटची. म्हणजे ढगांत जरासा फरक पडला, तरी सगळं गणित हलतं. त्यात हवामानाची संगणकी प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात; तो चौकोन सहसा पन्नास-शंभर किलोमीटरचा आणि ढग एखाद-दोन किलोमीटरचा, त्यामुळे ढगांबाबत अंदाजावरच भागवावं लागतं.

सगळ्यात मोठी धास्ती होती ती व्यापारी वाऱ्यांच्या, म्हणजे समुद्रावरून विषुववृत्ताकडे सतत वाहणाऱ्या वाऱ्यांच्या, पट्ट्यातल्या बुटक्या ढगांची. उष्णता वाढली की वरची कोरडी हवा जास्त मिसळेल आणि हे ढग विरळ होतील, असं काही प्रारूपं सांगत होती. 2020 च्या सुरुवातीला कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाजवळ विमानं, जहाजं आणि रडार घेऊन मोठी मोहीम झाली. हवेची ये-जा वाढली तरी हे ढग प्रारूपांच्या भाकिताइतके विरळ होत नाहीत, असं त्या मोजमापांतून निघालं.

नमस्कार.