हप्ता थकला की नक्की काय जातं

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिला होता विम्याचं नियोजन, पण मी त्यातलं एकच धरून बोलणार आहे, हप्ता थकला की काय होतं. कारण पॉलिसी घेताना समजावून सांगायला घरी माणूस येतो, पण ती बंद पडली की पुढं काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही, आणि घरच्यांना तर बऱ्याचदा क्लेम करायची वेळ आल्यावरच कळतं की पॉलिसी चालू नव्हती.

आधी साधा हिशोब. आयुर्विम्याचा हप्ता महिन्याचा असेल तर ड्यू डेटपासून १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक असेल तर ३० दिवस ग्रेस पिरियड, म्हणजे सवलतीची मुदत मिळते. या दिवसांत माणूस गेला तरी क्लेम मिळतो, थकलेला हप्ता त्यातून वजा करतात एवढंच. ग्रेस संपला की पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद. टर्म इन्शुरन्स असेल तर विषयच संपला, हातात काही येत नाही, कारण त्यात पैसे साठत नसतात, फक्त जोखीम घेतलेली असते. एंडोमेंटसारख्या, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीचं वेगळं आहे, ठरावीक वर्षं हप्ते भरलेले असतील तर ती पेड-अप होते. म्हणजे समजा २० वर्षांची ५ लाखांची पॉलिसी आहे, ६ वर्षं हप्ते भरले आणि मग थांबले, तर विम्याची रक्कम ५ लाखांची दीड लाख होते, आधी जमलेला बोनस राहतो, पुढचा बंद.

आता लोकांना भीती असते ती पैसे बुडायची. पण माझं म्हणणं असं आहे की पैशापेक्षा मोठं जे जातं ते पॉलिसीचं वय. तुम्ही वर्षानुवर्षं भरून जी ज्येष्ठता कमावलेली असते ना, ती जाते, आणि ती पैसे भरून परत मिळत नाही.

कसं ते बघा. विमा कायदा १९३८ चा, त्याचं कलम ४५. पॉलिसीला ३ वर्षं झाली की कंपनीला कुठलंही कारण काढून, अगदी तुम्ही फॉर्ममध्ये माहिती लपवली म्हणूनसुद्धा, पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. फार मोठं संरक्षण आहे हे. पण ही ३ वर्षं कधीपासून मोजायची? पॉलिसी निघाली ती तारीख, जोखीम सुरू झाली ती तारीख, रायडर म्हणजे जादा संरक्षण जोडलं ती तारीख किंवा रिव्हायव्हलची, म्हणजे बंद पॉलिसी परत चालू केल्याची तारीख, यातली जी सगळ्यात उशिराची असेल तिथपासून. म्हणजे १२ वर्षं जुनी पॉलिसी लॅप्स झाली आणि आज रिव्हाइव केली, तर आजपासून परत ३ वर्षं कंपनी प्रश्न विचारू शकते. आणि रिव्हाइव करताना थकलेले हप्ते, त्यावर व्याज आणि तब्येत चांगली असल्याचं डिक्लरेशन द्यावं लागतं. मधल्या काळात शुगर निघाली असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल तर ती त्या फॉर्मवर लिहायचीच, कोणी कितीही म्हणालं की राहू दे हो, सही करा फक्त, तरी ऐकायचं नाही. त्या एका सहीवर पुढं बायकोमुलांचा क्लेम अडकतो. मी हे कळकळीनं सांगतोय.

२०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला तो ऐका. पॉलिसी एलआयसीची, एप्रिल २०११ मध्ये घेतलेली, हप्ता सहामाही, ऑक्टोबरचा हप्ता राहिला. ६ मार्च २०१२ ला त्या माणसाचा अपघात झाला, ९ मार्चला घरच्यांनी राहिलेला हप्ता भरला, २१ मार्चला तो गेला. मूळ विम्याचे पावणेचार लाख मिळाले. अपघाताचे वेगळे पावणेचार लाख मात्र नाही मिळाले, कारण अपघात झाला त्या दिवशी पॉलिसी चालू असायला हवी अशी अट होती आणि ती लॅप्स होती, शिवाय हप्ता भरताना अपघाताचं सांगितलंच नव्हतं. बायको कोर्टात गेली, खालच्या पायरीवर जिंकली, पण शेवटी सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. त्या बाईंबद्दल वाईट वाटतं, पण एक ऑक्टोबरचा हप्ता किती महागात पडू शकतो ते यातून दिसतं.

आरोग्य विम्यात हेच वय म्हणजे वेटिंग पिरियड. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, ती तुम्ही थांबलात, आता बीपी कव्हर झालं, आणि रिन्यूअल चुकलं. ३० दिवसांत भरलं तर आधीची वर्षं धरली जातात, पण वार्षिक हप्ता असेल तर मधल्या दिवसांत ॲडमिट झालात त्याचा खर्च मिळत नाही, हे लोक विसरतात. ३० दिवस उलटले की नवीन पॉलिसी, आणि वेटिंग पहिल्यापासून, तेही आता वय वाढलेलं असताना. गाडीचं थोडक्यात, पॉलिसी संपून ९० दिवस गेले की साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी ५० टक्क्यांपर्यंत गेलेली असते, ती शून्य, आणि थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं गुन्हाच आहे.

हप्ते चुकतात ते पैसे नसतात म्हणून, हे मला मान्य आहे, पण माझ्या बघण्यात कितीतरी वेळा पैसे होते आणि तरी चुकले. बँक बदलली आणि ऑटो डेबिटचं मॅंडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, जुन्याच खात्यावर राहिलं, मोबाईल नंबर बदलला म्हणून मेसेज आला नाही, एजंटनं काम सोडलं. बचत गटातल्या ताईंना तर खास सांगतो, जीवन ज्योती या सरकारी आयुर्विमा योजनेचे ४३६ रुपये दरवर्षी ३१ मेच्या आत खात्यातून कापले जातात, तेव्हा बॅलन्स नसेल तर विमा बंद, आणि परत घेतला तर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी मृत्यूचं कव्हर नाही. तेव्हा मेच्या सुरुवातीलाच पासबुक भरून आणा आणि खात्यात पाचशे रुपये राहतील असं बघा. सुरक्षा विम्याचे, म्हणजे सरकारी अपघात विम्याचे, २० रुपयेही त्याच खात्यातून जातात.

आता प्रश्न घेऊ. पॉलिसीचे कागद आणलेत त्यांनी पुढं या, शेवटचा हप्ता कधीचा भरलाय ते आधी बघू.