रक्ताची चाकोरी

(पडद्यावर: बंद पुस्तक, टेबलावर पालथं ठेवलेलं)

हे पुस्तक मी दोनदा असं पालथं टाकून उठलो. पहिल्यांदा पाणी प्यायला. दुसऱ्यांदा उगीचच.

शुझो ओशिमी यांची 'ची नो वादाची' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, मालिका. मोठ्यांसाठीच्या 'बिग कॉमिक सुपिरिअर' या जपानी नियतकालिकात ती २०१७ ते २०२३ अशी चालली, तिचे १७ खंड झाले. इंग्रजीत तिचं नाव 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'. पण 'वादाची' म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल रेघ. मराठीत तिला नेमका शब्द आहे, चाकोरी. चाक एकदा तिच्यात उतरलं की सहजी बाहेर निघत नाही.

पुढे कथानक उघड होणार आहे. आणि विषय आहे मुलाचा मानसिक छळ. नको असेल तर इथंच थांबा, मी थांबायला हवं होतं असं मला अधूनमधून वाटतं.

गुन्मा हा जपानमधला प्रांत. ओशिमी स्वतः तिथलेच. तिथं सेइइची नावाचा शाळकरी मुलगा आणि त्याची आई सेइको. सकाळी ती विचारते, वाफवलेला पाव मांसाचा हवा की गोड? लाडाने गालाला हात लावते. नातेवाईक चिडवतात, किती जपतेस गं त्याला! ती हसते.

उन्हाळ्यात सगळे डोंगरावर जातात. सेइइचीचा नात्यातला भाऊ शिगेरू कड्याच्या टोकावर मस्करी करत उभा राहतो. त्याचा तोल जातो. सेइको धावते, त्याला मिठीत घट्ट धरते. वाचला बुवा, असं आपण म्हणतो. आणि ती त्याला ढकलून देते.

(पडद्यावर: पान उलटणारा हात, आवाज फक्त कागदाचा)

ओशिमींचं कसब या उलटण्यात आहे. शब्द जवळजवळ नाहीत. चौकटीमागून चौकट नुसते चेहरे, डोळे, कधी अख्ख्या पानभर एकच चेहरा. वाचायला मजकूर नसल्यामुळे हात भराभर पानं उलटतो आणि आपण नको तिथं फार लवकर जाऊन पोचतो. सेइइचीचा धीर सुटला की रेषाही सुटतात. रेघोट्यांच्या जंजाळात चेहरे विरघळतात. मधले काही खंड ताणलेत, हे मात्र खरं.

तरी मला सगळ्यात जास्त लागला तो कडा नव्हे. लागली ती चिठ्ठी.

कड्यानंतर सेइइची बोलताना अडखळू लागतो. वर्गातली फुकिइशी त्याला प्रेमपत्र देते. आई ते वाचते. ओरडत नाही, मारत नाही. रडते. आणि मग ते पत्र दोघांनी मिळून फाडायचं असतं. त्यालाही रडू फुटतं, आणि तो फाडतो. रक्ताचा एक थेंब नाही या प्रसंगात. चार हात आणि एक कागद.

दुसऱ्यांदा पुस्तक पालथं टाकलं ते इथं.

परत आलो तेव्हा पुढचा खंड न उघडता पहिला काढला. नाश्त्याचं ते पान शोधलं. मांसाचा की गोड? मुलगा उत्तर देतो. या वेळी मी आईकडे नाही, त्याच्याकडे बघत होतो.