सात नंबरची चप्पल आणि साडेचार मिलिमीटरचा छर्रा

(कोल्हापुरात नेमबाजांच्या एका रविवारच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय ‘हौशी नेमबाजांसाठी साहित्याची निवड’. त्यातल्या एकाच वस्तूबद्दल मला मनापासून बोलायचंय. ही बघा, माझ्या चिमटीत आहे. मागे बसलेल्यांना दिसणार नाही, इतका हा छर्रा लहान. मुलं याला पेलेट म्हणतात, आमच्या घरी छर्राच म्हणायचे. माझ्या तोंडून दोन्ही शब्द येतील.

आत येताना एका काकांनी मला दारातच थांबवलं. त्यांचा भाचा टेक्सासला असतो. गॅरेजमध्ये टेबल मांडून तो रायफलची काडतुसं स्वतः भरतो, दारू तोलून घालतो, आणि त्यामुळे नेम सुधारला म्हणतो. “मग आपण का नाही करत?” असं काकांनी विचारलं. प्रश्न चांगला आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. एक तर 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय आपल्याकडे दारूगोळा बनवता येत नाही. तो विषय तिथेच संपतो. दुसरं म्हणजे आपण जे चालवतो त्यात भरण्यासारखं काही नसतंच. 10 मीटरच्या रायफलीत दारू नाही, छर्रा ढकलते ती दाबलेली हवा. आणि 50 मीटरला जी पॉइंट टू टू लागते, तिच्या काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो. ती कड एकदा ठेचली की ते काडतूस संपलं. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 451.4 गुणांवर ब्राँझ आणलं, ते याच पॉइंट टू टूवर. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, तीही 50 मीटरच्या प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, याच काडतुसावर.

मग मोठे नेमबाज करतात काय? ते निवडतात. आपली रायफल घेऊन थेट कारखान्यात जातात. इली आणि लापुआ या काडतुसांच्या कंपन्या. इलीचं टेस्टिंग बर्मिंगहॅमला, लापुआचं जर्मनीत शोनेबेकला. तिथे रायफल शिकंज्यात आवळतात आणि एकेका लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेली, काडतुसं झाडून बघतात. जो लॉट त्या नळीला मानवतो तो उचलून आणतात. भाचा जे भरून साधतो, ते आपल्याला निवडून साधायचंय. आज मला एवढंच सांगायचंय. पण हे मला कसं कळलं ते सांगितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी लेकीच्या मागोमाग रेंजवर जायला लागले. आधी नुसती तिची बॅग धरून बसायची, मग एक दिवस रायफल हातात घेतली आणि ती काही सुटली नाही. तीन वर्षांत माझी बरी बैठक बसली होती. साठ शॉटला 600 च्या आसपास, म्हणजे सरासरी दहा. एका शॉटला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे पूर्ण गुण 654, त्यामुळे हे काही फार नाही, पण ते माझ्या कष्टाचे होते. आणि एका जूनमध्ये सगळं विस्कटलं. चार शॉट सुरेख पडायचे, पाचवा 8.9. कारण काही नाही. ट्रिगर स्वच्छ सुटलेला, माशी मधोमध, श्वास जागेवर, आणि पडद्यावर ठिपका भलतीकडेच.

चार महिने मी स्वतःला दोष दिला. पाय उभे करायची पद्धत बदलली. जॅकेटचे पट्टे पुन्हा बसवले. डोळे तपासले, नंबर तोच निघाला. शेवटी रायफल दुरुस्तीला एका विक्रेत्याकडे पाठवली. त्यांनी रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, बदलायला सांगून 14,500 रुपये घेतले. रायफल परत आली, पाचवा शॉट पुन्हा 8.9. याचा राग मला अजून येतो. पैसे गेले ते गेलेच, पण त्या काउंटरवर “बाई, छर्‍यांची डबी कुठली वापरता?” असं एकाही माणसानं विचारलं नाही.

ते विचारलं रेंजवरच्या एका जुन्या प्रशिक्षकांनी. मी म्हटलं, “सर, तीच कंपनी, तेच नाव, तोच 4.50 चा आकार. तीन वर्षांत बदललेली नाही.” त्यांनी डबी उलटी केली आणि चष्मा कपाळावर सरकवून तळावरचं चिकटलेलं लॉटच्या नंबराचं लेबल वाचलं. “जुनी डबी आहे?” डबी नव्हती, पण जुन्या डबीतले थोडे छर्रे मी कॅमेऱ्याच्या रोलच्या प्लास्टिकच्या डबीत राखून ठेवले होते. सरांनी रायफल शिकंज्यात आवळली, माझा खांदा, माझा श्वास, माझं वय, सगळं बाजूला काढलं. जुने पाच छर्रे मारले. कागदावर एकच भोक, कडा कात्रीनं कापल्यासारख्या. मग नव्या डबीतले पाच. भोक फाटून त्याला तीन पाकळ्या आल्या, आणि पाचवा छर्रा वर उजवीकडे एकटाच. मी तो कागद घरी आणला. आजही पिशवीत आहे, नंतर हातात घेऊन बघा.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. डबी खराब निघाली असं समजून मी ती फेकायला निघाले होते. सर म्हणाले, “लेकीच्या रायफलीत घालून बघा.” तिची रायफल त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. तिच्या नळीतून त्याच डबीतल्या पाचही छर्‍यांनी एकच गोल भोक पाडलं! म्हणजे डबी चांगली होती, माझी रायफलही चांगली होती, दोघांची जोडी जमत नव्हती. आपण कोल्हापूरकर आहोत, तेव्हा तुम्हाला हे लगेच कळेल. एकाच दुकानातून, एकाच कारागिराच्या हातच्या सात नंबरच्या दोन चपला घ्या. एक पहिल्या दिवसापासून पायात मऊ बसते, दुसरी अंगठ्याला चावते. नंबर तोच असतो, पण कातडं वेगळं आणि पायही वेगळा.

आता एवढ्याशा फरकानं काय होतं, तेही बघा. 10 मीटर रायफलीच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेन्सिलीनं टेकवल्यासारखा. छर्‍याचं केंद्र मधल्या बिंदूपासून पाव मिलिमीटरच्या आत पडलं तर 10.9. पुढे प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. 2008 ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राचा शेवटचा शॉट 10.8 होता, म्हणजे केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. चुकीच्या डबीनं प्रत्येक शॉट सरासरी पाव मिलिमीटर जरी सरकला, तरी साठ शॉटमध्ये 6 गुण जातात. सहा गुण मिळवायला आपण किती सकाळी गारठत उभे राहतो!

(इथे आयोजकांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी दिली.)

बरं, सात मिनिटं आहेत म्हणतात. मग भराभर सांगते, लिहून घ्या.

एकाच लॉटची एकच डबी आधी आणा, एकदम दहा नकोत. 4.49, 4.50, 4.51 असे डोक्याचे दोन-तीन आकार मिळाले तर उत्तम. रायफल शिकंज्यात, आणि एकेका डबीचे निदान दहा शॉट, कारण पाचवर नशीबही साथ देतं. डबी बदलली की पहिले चार-पाच शॉट मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा लेप असतो. भोकाचं माप बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत घ्या. छर्राच साडेचार मिलिमीटरचा, तेव्हा सगळं मिळून साडेपाचच्या आसपास आलं की ती डबी तुमची. लगेच त्याच लॉटच्या आणखी डब्या मागवा आणि तळाच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. दुकानदार “सेमच आहे” म्हणाला तरी लेबल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

छर्‍याचा मागचा घेर पोकळ आणि फार मऊ असतो. डबी स्कूटरच्या डिकीत खडखडत नेली की घेर चेपतो. काचेवर एकेक छर्रा घरंगळून बघा. सारखा घेर असलेला एका ठरावीक वळणानं फिरतो, चेपलेला अडखळतो. अडखळणारे सरावालाही नकोत, बाजूला काढा.

रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आज घरी गेल्यावर वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि 200 बारचा दाब असलेली वस्तू घरात ठेवायलाही धोक्याची आहे. पावसाळ्यात हातपंपानं भरत असाल तर पंपातली ओल आत जाते, शक्यतो कोरडी हवा घ्या.

आणि हे पालकांसाठी, कृपा करून ऐका. छर्रा शिशाचा असतो. मुलं भरायच्या घाईत तो ओठात धरतात, मी स्वतः पाहिलंय. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. रेंजवरून उठलं की साबणानं हात धुवायचे, आणि मगच मिसळीच्या पावाला हात लावायचा.

पुढच्या रविवारी सकाळी आठला मी शिकंजा घेऊन येतेय. प्रत्येकानं आपली रायफल आणि दोन वेगळ्या लॉटच्या डब्या आणा. टेबल एकच आहे, तेव्हा जाताना वहीत नाव लिहा. त्या काकांनी भाच्याला फोन करून तो लॉट कसे तपासतो ते विचारून ठेवा, मला ऐकायचंय.